नळ बंद झाल्यावर लाइनमध्ये काय शिरतं?

शिरूर कासारच्या वाचकांनो, आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. घरच्या नळाला लावलेली रबरी नळी पिंपात, हौदात किंवा जमिनीतल्या टाकीत बुडालेली असेल तर ती वर काढा. पाणी गेलेलं असेल तर आत्ताच काढा. तुमच्या गल्लीतली लेकरं पुढच्या वेळी कसलं पाणी पिणार, हे त्या नळीच्या टोकावर अवलंबून आहे.

पाण्याविषयी आपण एकच प्रश्न विचारतो: कधी येणार? मराठवाड्यात तो रास्तच आहे. चार दिवसांनी, आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा पाणी येत असेल तर माणूस दुसरं काय विचारणार? पण या वाट पाहण्यात मधल्या दिवसांचा हिशेब कुणीच मागत नाही. पाणी बंद असतं त्या दिवसांत जमिनीखालच्या पाइपात काय चाललेलं असतं? तो नुसता कोरडा पडून राहतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. रिकामा होणारा पाइप ओढतो.

ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना नळीचं एक टोक आत सोडतात, दुसरं तोंडात धरून एकदा ओढतात आणि मग नळी खाली सोडली की डिझेल आपोआप वाहत राहतं. पाइपलाइनमध्ये नेमकं हेच घडतं. वॉल्व्हमनने चावी फिरवली, टाकीकडून येणारं पाणी थांबलं. लाइनमध्ये उरलेलं पाणी उताराला धावतं. शिरूर सिंदफणेच्या काठचं गाव, आणि नदीकाठच्या गावाचा उतार नदीकडेच असतो. खालच्या आळीतले नळ अजून उघडे असतात, लोक शेवटच्या घागरी भरत असतात. ते पाणी खाली गेलं की वरच्या आळीतल्या पाइपात पोकळी तयार होते. ती भरून काढायला पाइप जे जवळ सापडेल ते आत घेतो. तोटी उघडी असेल तर हवा घेतो. नळाची नळी पिंपात बुडालेली असेल तर पिंपातलं पाणी घेतो. जॉइंट गटारात असेल तर गटार घेतो.

याचा पुरावा प्रत्येक घरात आहे. पाणी यायच्या आधी तोटीतून फुसफुस हवा येते, नळ दोन-चार आचके देतो, मग गढूळ धार लागते आणि काही वेळाने पाणी निवळतं. ती हवा टाकीतून कुणी सोडलेली नसते. मागच्या वेळी पाणी बंद झालं तेव्हा ती तुमच्या-माझ्या गल्लीतूनच आत ओढली गेली. ज्या वाटेने हवा शिरली त्या वाटेने घाणही शिरू शकते, मग पंप हाऊसवर पाणी कितीही स्वच्छ करून सोडलेलं असो.

"पहिलं पाणी भरू नको, जाऊ दे थोडं," असं आपल्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. शेजारच्या कर्नाटकात हुबळी-धारवाडला हे मोजून पाहिलं गेलं. त्या शहरांत काही वॉर्डांना चोवीस तास पाणी आणि बाकीच्यांना काही दिवसांआड पाणी अशी व्यवस्था होती. पाण्याचा स्रोत तोच, शुद्धीकरण केंद्र तेच. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचं पाणी तपासलं. काही दिवसांआड पाण्याच्या वॉर्डांत सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, सापडले. चोवीस तास पाण्याच्या वॉर्डांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. आणि पाणी सुरू होतानाच्या पहिल्या धारेत घाण सर्वांत जास्त होती. केंद्रातून निघताना दोन्हीकडचं पाणी सारखंच शुद्ध होतं. बिघडलं ते वाटेत, पाइप रिकामा असताना.

म्हणून जलशुद्धीकरण केंद्राच्या उद्घाटनाचे फोटो पाहून निश्चिंत होऊ नका. केंद्रात गाळलेलं पाणी आणि घागरीत पडलेलं पाणी यांच्यामध्ये काही किलोमीटर पाइप आहे आणि त्या पाइपाला शेकडो भोकं आहेत. त्यातली बरीचशी आपण पाडलेली आहेत.

पहिलं भोक म्हणजे खड्ड्यातला नळ. दाब कमी म्हणून लोक दोन-तीन फूट खड्डा खणतात आणि नळ त्यात उतरवतात. पाणी येतं तेव्हा घागर खड्ड्यात ठेवून भरतात. पाणी गेलं की त्याच खड्ड्यात सांडपाणी साचतं, पाय धुतले जातात, लेकरं खेळतात, कुत्री पाणी पितात. नळाचं तोंड त्या पाण्याखाली असतं आणि लाइन ओढत असते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या नद्यांनी पात्र सोडलं, सिंदफणेलाही पूर आला. पुराचं पाणी ज्या गल्लीत चढतं तिथला खड्ड्यातला नळ पाण्यात जातो. त्याच वेळी वीज गेलेली असते, पंप बंद असतात आणि लाइनमध्ये दाब नसतो. पुराचं पाणी सरळ पिण्याच्या लाइनमध्ये शिरण्याइतकी सोय दुसरी कोणती करायची?

खड्डा खणणाऱ्याला शिव्या घालून मात्र हा प्रश्न सुटणार नाही. त्याच्या नळाला वर पाणी चढत नाही म्हणून तो खाली उतरला. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तिकेत, १९९९ च्या सीपीएचईईओ मॅन्युअलमध्ये, लिहिलेलं होतं की एकमजली घराच्या नळजोडणीवर किमान सात मीटर दाब हवा. सात मीटर म्हणजे तेवीस फूट. ज्याच्या नळाला जमिनीपासून दोन फूट पाणी चढत नाही, त्याला खड्डा बुजवायची नोटीस देण्याआधी त्याच्या नळावरचा दाब मोजा. उंचावरच्या आळीला वेगळी वेळ द्या, वेगळा वॉल्व्ह द्या. मग खड्डा बुजवायला सांगा. तो आनंदाने बुजवेल.

दुसरं भोक म्हणजे तोटी नसलेला नळ. बीड जिल्ह्याची यात एक खास अडचण आहे आणि ती आपल्या लक्षात येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला माणसं निघतात. शिरूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर, तांड्यांवर घराला कुलूप लागतं, ते बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उन्हाळ्याच्या तोंडावर परत येईपर्यंत. घर बंद, पण अंगणातला नळ लाइनला जोडलेलाच असतो. त्याला तोटी नसते. पाणी येतं तेव्हा तो वाहतो, अंगणात चिखल होतो, डुकरं लोळतात, आणि पाणी गेलं की तोच चिखल थोडाथोडा आत जातो. सहा महिने तिकडे पाहायला कुणी नसतं. बंद घरांच्या नळांना नगरपंचायतीने आणि ग्रामपंचायतींनी स्वतःहून तोटी बसवावी किंवा तात्पुरतं झाकण मारावं. पाणीपट्टीची थकबाकी नंतर बघता येईल.

तिसरी गोष्ट टिल्लू पंपाची. लाइनला थेट मोटार लावणारा माणूस शेजाऱ्याचं पाणी पळवतो, एवढीच तक्रार आपण करतो. त्याचा गुन्हा त्याहून मोठा आहे. मोटार सुरू झाली की आसपासच्या लाइनमधला दाब शून्याखाली जाऊ शकतो. म्हणजे पाणी बंद असतानाचा धोका तो पाणी चालू असताना तयार करतो. त्याच्या मोटारीमुळे पलीकडच्या फुटक्या जॉइंटमधून गटाराचं पाणी लाइनमध्ये येतं आणि ते त्याच्याच टाकीत आधी पडतं. मोटारवाल्या भावांनो, तुम्ही सगळ्यांत आधी घाण पाणी ओढता आहात. वरच्या मजल्यावर पाणी न्यायचं असेल तर नळाचं पाणी खालच्या टाकीत पडू द्या आणि त्या टाकीतून मोटारीने उचला. लाइनला मोटार लावू नका.

चौथी गोष्ट पाण्याची चांगली सोय असलेल्या घरांतच आढळते. घरात बोअर आहे, नळही आहे, आणि प्लंबरने दोन्ही पाइप एका टीने जोडून दिले आहेत. मधे एक कॉक. नळाला पाणी आलं की कॉक इकडे, बोअर सुरू केला की कॉक तिकडे. एखाद्या दिवशी कॉक फिरवायचा राहिला किंवा तो झिजला, तर बोअरच्या मोटारीचा दाब बोअरचं पाणी सरळ सार्वजनिक लाइनमध्ये ढकलतो. लाइनमध्ये काहीच नसतं, ढकलायला अडथळाही नसतो. त्या बोअरच्या शेजारी शोषखड्डा किती फुटांवर आहे, त्या पाण्यात नायट्रेट किती आहे, हे कुणी तपासलेलं नसतं, आणि ते पाणी मात्र पूर्ण आळीच्या लाइनमध्ये जातं. दोन्ही पाइप टाकीत वरून वेगवेगळे पडू द्या. नगरपंचायतीचं पाणी आणि बोअरचं पाणी पाइपात एकमेकांना भेटता कामा नये.

कपाशीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट जपा. फवारणीचं औषध पिंपात कालवताना घरच्या नळाची नळी त्या पिंपात कधीही सोडू नका. बादलीने पाणी ओता. लाइनने त्या क्षणी ओढ घेतली तर ते औषध कुणाच्या माठात जाईल याचा पत्ताही लागणार नाही.

हे सगळं भीती घालायला सांगतो आहे असं वाटत असेल तर अमेरिकेतली एक घटना ऐका. १९६९ चा ऑगस्ट महिना. वुस्टर नावाच्या शहरातल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सराव चालू होता. मैदानाजवळ जमिनीच्या पातळीखाली फवाऱ्याच्या नळाचे खड्डे होते, त्यांत पाणी साचलेलं. तिथे खेळणाऱ्या मुलांमध्ये काविळीची लागण होती आणि त्या पाण्यात त्यांची घाण मिसळलेली होती. एका दिवशी गावात आग लागली. बंबांनी लाइनमधून जोरात पाणी ओढलं, मैदानाकडच्या लाइनचा दाब पडला आणि खड्ड्यातलं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं गेलं. खेळाडू ते पाणी प्याले. काही आठवड्यांनी संघाचे खेळाडू एकामागोमाग एक आजारी पडू लागले. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून ९७ पैकी ९० जणांना लागण झाली होती. दोन सामने खेळून संघाला पूर्ण हंगाम सोडून द्यावा लागला. कारण काय, तर खड्ड्यातला नळ आणि घटलेला दाब. त्या मैदानावर क्वचित एखाद्या दिवशी दाब पडला. आपल्याकडे तो प्रत्येक आवर्तनाला पडतो.

त्याआधी १९३३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलेलं असताना दोन हॉटेलांच्या जुनाट पाइपांमधून मैल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात गेलं. पाहुणे आपापल्या गावी परतले आणि तिथे आमांशाने आजारी पडले. ९८ माणसं गेली. फिनलंडमधल्या नोकिया गावात नोव्हेंबर २००७ मध्ये सांडपाणी केंद्रातला एक वॉल्व्ह चुकून उघडा राहिला आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी पिण्याच्या लाइनमध्ये गेलं. आठ हजारांवर लोक आजारी पडले. श्रीमंत देश, चोवीस तास पाणी, आणि तरी एका जोडणीने गाव आडवं केलं.

आपल्या देशातली सर्वांत मोठी आठवण दिल्लीची आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेने पात्र बदललं आणि नजफगडच्या नाल्याचं पाणी उलट्या दिशेने वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत चढलं. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो हिपॅटायटिस ई होता हे पुष्कळ वर्षांनी कळलं. हा विषाणू धडधाकट माणसाला बहुधा काही आठवडे अंथरुणावर पाडून सोडून देतो. गरोदर बाईला तो सोडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली तर पाचांतली एक दगावू शकते. २०१२ मध्ये इचलकरंजीतही याच काविळीची साथ आली होती. आठ महिन्यांच्या गरोदर लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणणाऱ्या प्रत्येक घराने शेवटच्या तीन महिन्यांविषयीचं वरचं वाक्य पुन्हा वाचावं.

मराठवाड्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबादच्या छावणी भागात नळाच्या दूषित पाण्यातून गॅस्ट्रोची साथ आली, हजारो लोक दवाखान्यांत धावले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, आकडा दोनशेच्या आसपास गेला आणि बोट पाण्याकडे वळलं. २०२५ च्या डिसेंबर अखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळून माणसं मेली. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षं बक्षिसं घेणारं इंदूर! रस्ते झाडलेले होते, पाइपाकडे कुणी पाहिलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी घाण शिरायची वाट वेगळी असेल. पण लाइनमध्ये सतत भक्कम दाब असला तर फुटक्या पाइपातून पाणी बाहेर पडतं, बाहेरचं आत येत नाही, हा नियम सगळीकडे सारखाच आहे.

आता उपायाकडे येऊ. सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे. नळाचं तोंड आणि पिंपातल्या पाण्याची सर्वांत वरची पातळी यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवायची. नळाच्या तोंडाच्या रुंदीच्या दुप्पट तरी अंतर हवं. अर्धा इंची नळाला बोटभर अंतर सोडलं की झालं. हवेतून पाणी वर उडी मारू शकत नाही, म्हणून हा उपाय कधी बिघडत नाही, गंजत नाही, त्याला दुरुस्ती लागत नाही. नळी लावल्याशिवाय जमतच नसेल तर तिचं तोंड पिंपाच्या काठाच्या वर तारेने बांधा. जमिनीतली टाकी असेल तर आत येणारा पाइप ओव्हरफ्लोच्या वर राहू द्या. प्लंबर म्हणेल, पाइप तळापर्यंत नेला की आवाज येत नाही. आवाज येऊ द्या.

दुसरा उपाय नॉन रिटर्न वॉल्व्ह. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा हा पितळी तुकडा मोबाइलच्या एका रिचार्जच्या आसपासच्या पैशात हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. घरच्या जोडणीला तो बसवावा, बोअर असलेल्या घराला तर बसवावाच. पण त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. आपल्या लाइनमध्ये वाळू येते, झडपेत खडा अडकला की तो उघडाच राहतो. वर्षातून एकदा उघडून धुवायचा. बसवला आणि विसरला तर तो नसल्यासारखाच.

घरातली माणसं एवढं करू शकतात. यापुढचं काम नगरपंचायतीचं आहे आणि ते घरच्या माणसांवर ढकलता येणार नाही. गल्लीत फिरून एक गोष्ट पाहा: मेन लाइनपासून घरापर्यंत येणारे अर्धा इंची पाइप कुठून जातात? मराठवाड्यातल्या गावोगाव ते रस्त्याकडेच्या उघड्या गटारातून जातात, एकावर एक, वेलींसारखे गुंतलेले, जॉइंट पाण्यात. तेच सीपीएचईईओ मॅन्युअल सांगतं की पिण्याची लाइन आणि मैल्याची लाइन यांत आडवं तीन मीटर अंतर हवं, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर पिण्याची लाइन किमान अर्धा मीटर वरून न्यावी. आपल्या बोळांत तीन मीटर रस्ताच नसतो, हे मान्य. मग पाइप गटाराच्या वरून न्या, बाहेरून मोठा पाइप घालून न्या, जॉइंट गटाराच्या बाहेर काढा. सिमेंटचा नवा रस्ता करण्याआधी हे करा. रस्ता झाल्यावर फोडून करायला जास्त पैसा लागतो, आणि तो तुमचा-आमचाच असतो.

लाइनच्या उंच जागी एअर वॉल्व्ह असतात, त्यांचंही पाहा. पोकळी झाली की हवा आत घ्यायची हे त्यांचं एक काम. त्यांचे चेंबर रस्त्याच्या पातळीखाली, झाकण तुटलेले आणि पावसाच्या पाण्याने भरलेले असतील, तर ते हवेऐवजी ते पाणी आत घेतात. चेंबरचा काठ वर उचलून झाकण बसवायला मोठी योजना लागत नाही, एक गवंडी आणि दोन दिवस लागतात.

मग क्लोरिन. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली आणि रजिस्टरवर सही केली म्हणजे पाणी शुद्ध झालं असं होत नाही. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतं. उघड्या पोत्यात, ओलसर खोलीत पडून ते उडून जातं आणि शेवटी चुना उरतो. भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १०५०० प्रमाणे, पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन शिल्लक हवा. हा क्लोरिन तपासायची ओटी टेस्ट टाकीखालच्या पहिल्या नळावर केली की ती बहुतेक वेळा पास होते. ती शेवटच्या आळीतल्या शेवटच्या नळावर करा. पहिल्या नळावर पिवळा रंग आला आणि तिथे आला नाही, तर क्लोरिन वाटेत कशाशी तरी लढून संपला असावा आणि त्या वाटेवर कुठेतरी घाण शिरत असण्याची शक्यता आहे. साथ यायच्या आधी मिळणारी एवढी स्वस्त खबर दुसरी नाही. तालुक्यातल्या गावांत जलसुरक्षक नेमलेले आहेत, जलजीवन मिशनने गावागणिक पाच महिलांना पाणी तपासणीच्या किट वापरायला शिकवण्याचं ठरवलेलं आहे. त्या ताईंना शेवटच्या नळापर्यंत पाठवा आणि त्यांनी लिहिलेला आकडा चावडीवर लावा.

जलजीवन मिशनविषयी एक गोष्ट मोकळेपणाने म्हणतो. १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, प्रत्येक ग्रामीण घराला नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. चांगली योजना आहे. पण मोजणी नळांची झाली. नळ जमिनीपासून किती वर आहे, तोटी आहे का, उलटं पाणी थांबवायला झडप आहे का, दोन आवर्तनांच्या मध्ये लाइनचा दाब किती असतो, हे कुठल्या तक्त्यात मोजलेलं दिसत नाही. ज्या घरी पूर्वी आडाचं पाणी पीत होते त्या घराला आता शेजारच्या दहा घरांच्या पिंपांशी जोडून दिलं. झडप नसेल तर ही जोडणी दोन्ही दिशांना चालते.

"आपल्याकडे पाणीच नाही, चोवीस तास दाब कुठून आणायचा?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर कराडजवळच्या मलकापूरने दिलेलं आहे. २००८ मध्ये नगरपंचायत झालेल्या या गावाने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना केली, मीटर बसवले, आणि देशभरातून लोक ती पाहायला गेले. कोयनेचं पाणी त्यांच्या उशाशी आहे, सिंदफणेचा भरवसा नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण त्यांचं गणितही पाहा. लाइन सतत भरलेली असली की लोक साठवत नाहीत, पाणी आलं की शिळं ओतून देत नाहीत, आणि मीटर असला की तोटी बंद करतात. संपूर्ण शिरूरला हे उद्या जमणार नाही. एका झोनमध्ये, दोन-तीनशे घरांच्या एका भागात, करून पाहता येईल. नाही जमलं तर आठवड्यातून एकदा तीन तास देण्याऐवजी तेच पाणी दोन वेळा दीड-दीड तास द्या. लाइन सलग कोरडी राहायचे दिवस तरी कमी होतील. आणि दोन्ही वेळची पहिली धार पिण्यात जाणार नाही, हे लोकांना आधी सांगून ठेवा.

ती धार फेकून द्यायची नाही. दुष्काळी तालुक्यात पाणी फेका असं सांगणं पाप आहे. ती संडासासाठी, अंगणात सडा टाकायला, झाडांना, जनावरांचा गोठा धुवायला वेगळ्या बादलीत घ्या. पिण्याचं पाणी निवळल्यावर, शेवटी भरा. पावसाळ्यात आणि पुरानंतर ते खळखळून उकळा, नाहीतर आशाताईंकडून पाण्यात टाकायचं मेडिक्लोर घ्या.

ज्यांच्या घरी आरओ आहे किंवा रोज जार येतो, त्यांना हे सगळं दुसऱ्यांचं दुखणं वाटेल. तुमच्या घरी भाजी कुठल्या पाण्याने धुतात? भांडी कुठल्या पाण्याने विसळतात? दात घासताना चूळ कशाने भरता? आणि तुमच्या हौदातली नळी ज्या लाइनला पाणी परत देते, त्या लाइनवर तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचंही घर आहे. जार विकत घेता येतो म्हणून लाइन घाण करायचा हक्क मिळत नाही.

शिरूर कासारच्या नगरपंचायतीकडे माझी मागणी एका ठरावाची आहे. यापुढे कोणतीही नळजोडणी मंजूर करताना नळ जमिनीपासून दोन फूट वर, त्याला तोटी, जोडणीला नॉन रिटर्न वॉल्व्ह आणि पाइप गटाराच्या बाहेरून, या चार अटी घाला. जुन्या जोडण्यांना दोन वर्षांची मुदत द्या, गरीब घरांचा खर्च वित्त आयोगाच्या किंवा नगरपंचायतीच्या निधीतून करा. आणि शेवटच्या नळावरचा क्लोरिनचा आकडा दर आवर्तनाला नगरपंचायतीच्या दारावर लिहा. वॉर्डातल्या मतदारांनो, आपल्या नगरसेवकाला गाठा आणि हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.